पौर्णिमा सोडून अष्टमी

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. ठिकाण: दारव्हा, माझ्या धाकट्या भावाच्या घराची पुढची खोली. हजर: शाळेत भूगोल शिकवणारा भाऊ; त्याची बायको; बसस्टँडच्या मागे मोटरसायकलींचं गॅरेज चालवणारा त्याचा पहिलीपासूनचा दोस्त; कृषी खात्यातून निवृत्त झालेला माझा नवरा; आणि मी. गैरहजर: कोणी नाही. विषय: कोकणात समुद्रातल्या बेटांवर कयाकने जाणे आणि दोन मुक्काम तंबूत करणे.

हे माझ्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं आहे. पंचायत समितीच्या नोकरीत सभेची टिपणं लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि ती सवय घरातही शिरली. लग्न असो, बारसं असो, कोणाला दवाखान्यात भरती करायचं असो, आधी तारीख, मग हजर कोण, मग कामांची यादी. घरचे हसतात, पण अडलं की वही बघायला माझ्याकडेच येतात.

भावाला दोन वर्षांपूर्वी पायांपासून आजार सुरू झाला. नसांचा आहे, बरा होणारा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की हा पायांत थांबणार नाही. हातांत येईल, पुढे बोलण्यात आणि गिळण्यात येईल. किती दिवसांत, ते कोणी सांगू शकत नाही. परत येताना गाडीत, देवळी मागे पडल्यावर, तो म्हणाला, "ताई, हात हायेत तोवर एक काम करून घेऊ."

"कोणतं?"

"समुद्र पाहून घेऊ."

चोवीस वर्षं त्याने फळ्यावर भारताचा किनारा काढला. खडू न उचलता, कच्छपासून सुरू करून पार सुंदरबनापर्यंत. पण समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या घरच्या सहली माहूर, शेगाव आणि फार तर तिरुपती. तिरुपतीहूनही सगळे दर्शन घेऊन सरळ परत आलेले.

मी लगेच म्हणाले, उन्हाळ्यात जाऊ, समुद्रकिनाऱ्यावरचं एखादं चांगलं हॉटेल बघते. तो म्हणाला, "किनाऱ्यावर खुर्ची टाकून नाही पाहायचा. त्याच्या आत जायचं."

पुढे काही महिन्यांनी त्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. लांबट, अरुंद होडी, त्यात पाय पसरून बसलेला एकटा माणूस, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. आजूबाजूला छोटी छोटी बेटं. भावाला तोवर काठी लागायला लागली होती. वर्गात तो खुर्चीवर बसून शिकवत होता.

"हे पाह्य ताई. पाय नुसते ठेवायचे. सारं काम हाताचं. या दुनियेत अशी एकच गाडी हाय, ज्यात मी तुमच्या बरोबरीनं चालन."

त्याला एवढंच हवं होतं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, स्वतःच्या हातांनी.

मी वहीचं नवीन पान काढलं.

सरावासाठी कयाक कुठून आणायची, हा पहिला प्रश्न. तो त्याच्या दोस्ताने सोडवला. त्याने निळे प्लास्टिकचे ड्रम कापून, एकमेकांना जोडून, लोखंडी पट्ट्यांच्या सांगाड्यात बसवले. बसायला भंगारातल्या जीपच्या दोन सीटा. वल्ह्याला ॲल्युमिनियमचा पाइप आणि टोकांना ड्रमचेच तुकडे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते सगळं मालवाहू ऑटोत घालून आम्ही दिग्रसजवळच्या धरणावर नेलं. तिथे भोई लोक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. त्यांतला एक म्हातारा हातातलं काम सोडून बघायला आला.

"मास्तर, हा डोंगा हाय का कूलर?"

दोस्त म्हणाला, "काका, कूलरच हाय. आमच्या गुरुजीले गरम होऊन राह्यलं."

"मंग हवा कोठून येते?"

"हवा गुरुजी सोडते. चोवीस वर्षांपासून तेच करून राह्यले."

भाऊ इतका हसला, की त्याला सीटवर बसवताना आम्हा तिघांच्या हातून तो दोनदा निसटला. पण एकदा बसला आणि वल्हं पाण्याला लागलं, तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं आणि दुसरंच काहीतरी आलं. काठी लागल्यापासून मी त्याला कशाच्याही आधाराशिवाय हलताना पाहिलं नव्हतं. तो काठापासून लांब गेला. मागे दोस्त बसला होता, पण वल्हं एकाच्याच हातात होतं, ते काठावरून स्पष्ट दिसत होतं.

मी काठावर घड्याळ घेऊन बसायचे आणि मिनिटं लिहायचे. पहिल्या रविवारी बारा. तिसऱ्या रविवारी चाळीस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पंचवीस, कारण डाव्या हाताची बोटं आपोआप उघडायला लागली आणि वल्हं सुटायला लागलं. काठावर आल्यावर त्याने डावा हात नुसता मांडीखाली ठेवून दिला.

पुढच्या रविवारी दोस्ताने सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा शिवून आणला. तळहात पाइपवर ठेवायचा, वरून पट्टा ओढून चिकटवायचा.

"आता बोटायले सुट्टी," तो म्हणाला. "पकड माही, जोर तुहा."

चाळीस मिनिटं परत आली.

तर नोव्हेंबरातली ती सभा. तारीख आधीच भावाने सुचवली होती: मार्गशीर्ष पौर्णिमा, सभेपासून साडेतीन आठवड्यांनी. चांदण्यात बेट कसं दिसतं ते बघू, असं तो म्हणाला आणि सगळ्यांना पटलं. मी यादी वाचायला घेतली. बडनेऱ्याहून कुडाळपर्यंतची थेट गाडी, तिचं आरक्षण. तंबू दोन, रुंद पात्याच्या खुंट्या, कारण वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. प्यायचं पाणी माणशी किती. पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या. औषधं, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, म्हणजे एक बुडाली तरी दुसरी राहील. भावाला होडीत बसवायला आणि उतरवायला कापडी झोळी. भावजय म्हणाली, "ताई, बेटावर बाईमाणसाच्या सोयीचं काय लिहिलं?" मी तो मुद्दा वाचून दाखवला. नवरा म्हणाला, "अन् सकाळच्या चहाचं?" तोही मुद्दा होता. भाऊ म्हणाला, "भाऊजी, तुमच्या चहासाठी वेगळी होडी सांगतली तिनं."

शेवटचं काम राहिलं होतं: ज्याच्या होड्या घ्यायच्या त्याला तारीख कळवणे. सिंधुदुर्गातला मासेमार माणूस, कयाक भाड्याने देणारा आणि बरोबर स्वतःची मोठी होडी घेऊन येणारा. आधीची बोलणी भावाने केली होती, पण तारखेची खात्री मी स्वतः केल्याशिवाय काम झालं असं मी धरत नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन मोठा करून ठेवला.

त्याने तारीख ऐकली.

"पुनवेक? बाई, पुनवेक उधाण असता. ती रेव पाण्याखाली जाता. तंबू खंय मारतलास?"

मग त्याने आम्हाला कळेल अशा मराठीत सांगितलं. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सगळ्यात वर चढते. त्या बेटांवर उतरायला जो वाळूचा पट्टा आहे तो तेव्हा राहतच नाही, वर नुसता कातळ उरतो. दोन बेटांच्या मधून पाणीही ओढीचं असतं. त्यापेक्षा अष्टमीला या. अष्टमीला भरती थोडीच चढते, वाळू मोकळी राहते, पाणी शांत असतं. हौशी माणसांनी तेव्हाच यावं.

फोन ठेवल्यावर मी भावाकडे पाहिलं. "अरे, हे तर तूच शिकवतोस ना?"

हसायला सुरुवात नवऱ्याने केली. "पोरायले यावरून बाकावर उभं करत असन, अन् स्वतः नापास."

"चुकलं भाऊजी," भाऊ म्हणाला. "पेपर तपासणाऱ्यानं माझे मार्क कापावं."

मीही हसले. खरं सांगायचं तर मी खूश होते. एका फोनने केवढं संकट टळलं होतं. मी यादीचं पान फाडलं आणि नवीन घेतलं.

नोव्हेंबरातल्या अष्टमीला माझी रजा बसत नव्हती; त्यानंतरची डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येत होती. पण तेव्हा नागपूरचं हिवाळी अधिवेशन. आमच्याकडे अधिवेशनाच्या काळात कोणत्याही कार्यालयात रजा मिळत नाही. कोणत्या प्रश्नावर केव्हा माहिती मागतील याचा नेम नसतो. मी म्हणाले, तुम्ही चौघे जा. भाऊ म्हणाला, "तू नसली त वही कोण धरन?" पुढची अष्टमी नाताळाच्या आठवड्यात. मी पुन्हा फोन लावला. त्या दिवसांत किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, होड्या आधीच गेलेल्या. त्यापुढची, जानेवारीचा दुसरा आठवडा. होड्या मोकळ्या, गाडीचं आरक्षण मिळत होतं, माझी रजा पक्की, भावजयीलाही ती शिकवते त्या शाळेतून सुट्टी.

"सदतीस दिवस पुढं जाते," मी भावाला म्हटलं. "तुले चालन ना?"

"चालन," तो म्हणाला.

मी लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

पौर्णिमा आली तेव्हा तिच्यासाठी टाकलेली रजा माझ्याकडे पडून होती. ती रद्द करण्यापेक्षा सरावाला वापरू, म्हणून आम्ही सकाळीच धरणावर गेलो. पाणी थोडं उतरलं होतं आणि मधलं टेकाड उघडं पडलं होतं; वर चार बाभळी, एखाद्या बेटासारखं. भावाने दोस्ताला सांगितलं, तू मागं बस, पण वल्हं हातात घेऊ नको. दोन्ही हातांना पट्टे बांधून तो निघाला. टेकाडाला वळसा घालून परत आला. एक तास दहा मिनिटं, मध्ये न थांबता.

त्याला उतरवून आम्ही सतरंजीवर बसवलं. भावजयीने मुगाच्या डाळीचे मुंगोडे तळून आणले होते, त्याने दोनदा मागून घेतले. हात थरथरत होते म्हणून तिसऱ्यांदा तिनेच त्याच्या तोंडात घातले. तो बराच वेळ काठाकडे बघत होता.

"इथं पाणी वरखाली होत नाही," तो म्हणाला.

"त्याच्यासाठी पाटबंधारे खात्याले अर्ज द्या लागते," नवरा म्हणाला. "तीन प्रतीत."

मी वहीत लिहिलं, की तयारी पूर्ण झाली आहे. त्या दिवशी ती खरोखरच पूर्ण झाली होती. आज ते पान उघडलं की मला दुसरं काही दिसत नाही.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थंडी पडली. भावाला आधी सर्दी झाली, मग ताप, मग छातीत कफ भरला. त्याच्या आजारात खोकून कफ बाहेर काढायचीही ताकद कमी होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. यवतमाळच्या दवाखान्यात अकरा दिवस. मी अधिवेशन संपल्याबरोबर रजा टाकली, आता रजा मिळत होती. डबा कोण नेणार, कोण बसणार, कोणत्या तपासण्या झाल्या, सगळं लिहिलं. अकराव्या दिवशी तो घरी आला. छाती मोकळी झाली होती. खांदे मात्र वर उचलत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, अशा आजारपणात गेलेली ताकद बहुतेक परत येत नाही. बहुतेक, असं म्हणाले. त्या एका शब्दावर आम्ही आठ दिवस काढले.

नवीन वर्षाच्या सुरुवातीला दोस्त नवे पट्टे घेऊन आला. या वेळी मनगटापर्यंत येणारे, आतून फोम लावलेले. भावाला पलंगाच्या कडेला बसवलं, मागे उशा लावल्या, पाइप मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्याला बांधले.

"चाल गुरुजी. पाणी समोरच हाय."

भावाने जोर केला. मानेच्या शिरा दिसायला लागल्या. पाइप मांडीवरून चार बोटं वर आला आणि खाली बसला. पुन्हा दोन बोटं. पुन्हा नाही.

"बस. आज इतकंच," दोस्त म्हणाला आणि पट्टे सोडायला लागला. त्याला ते लवकर सुटेनात. "च्यायला, लयच घट्ट शिवले म्या."

"शिवणकाम चांगलं हाय तुहं," भाऊ म्हणाला. "गॅरेज बंद कर, ब्लाऊज शिव."

दोस्त हसला आणि बाहेर गेला. मी पाणी आणायला उठले तेव्हा तो अंगणातल्या नळाखाली तोंड धूत होता. धुऊन झालं तरी नळ चालूच होता.

मी हार मानणारी नाही. दोघांची कयाक घ्यायची, मागे दोस्त वल्हवेल, पुढे भाऊ बसेल, त्याच्या पाठीला आधार बांधू. कोकणातल्या माणसाशी बोलून मी तशी सीटही ठरवली. गाडीला चाकाच्या खुर्चीची सोय लिहून घेतली. सगळं मांडून भावापुढे वाचलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"ताई, मी पार्सल म्हणून नाही जाणार."

"अरे पण डोळ्यानं पाहशीन त."

"नुसता पाहायचा असता त दोन वर्षांमागं तू म्हणत होती तेव्हाच खुर्ची टाकून पाह्यला असता."

भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला मानेनेच सांगितलं, की आता नको.

कोकणातल्या माणसाला फोन मीच केला. काय झालं ते थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "बरां. हात बरे झाले की येवा. आमचो समुद्र खंय जातलो?" मी हो म्हणाले. हात बरे होणार नाहीत, हे त्याला मी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत एका शनिवारी मी गॅरेजमध्ये गेले. सहलीचं सामान तिथेच ठेवलेलं होतं. तंबू माझ्या नवऱ्याच्या मित्राचे होते, ते परत द्यायचे होते. मी यादी काढली आणि एकेक वस्तू बाजूला ठेवायला सुरुवात केली. तंबू दोन. रुंद खुंट्या. दोऱ्या. पाणी आत न जाणाऱ्या पिशव्या. झोळी. वरच्या फळीवर, इंजिन ऑइलच्या डब्यांमागे, आणखी एक गठ्ठा होता. खताच्या नायलॉन पोत्यांच्या लहान पिशव्या, प्रत्येकीच्या तोंडाला जाड दोरीचा फास. आठ होत्या.

"हे कायचं? माझ्या यादीत नाही."

दोस्त एका मोटरसायकलीचं चाक खोलत होता. त्याने वर पाहिलं. "राहू द्या आपा. ते माझं हाय."

"तंबूची दोरी हाय याले."

तो उठला, चिंधीला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "गुरुजीनं शिवायले लावल्या होत्या. दगड भरायच्या अन् तंबूच्या दोऱ्या त्याले बांधायच्या. कातळात खुंटी जात नाही ना."

"पण आपण वाळूवर राहणार होतो."

"पुनवेले वाळू राहत नाही, आपा."

"ते त त्या दिवशी फोनवर समजलं."

"नाही," तो म्हणाला. "ह्या दसऱ्यानंतर आठ दिवसांत शिवल्या."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तो गॅरेजमधल्या पोराला चहा आणायला पाठवत होता, मी नको म्हटलं. मग त्याने सगळं सांगितलं. भाऊ संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन बसायचा तेव्हा त्याने दोस्ताला बेटांचे नकाशे दाखवले होते. पौर्णिमेला पाणी कुठपर्यंत चढेल, कोणत्या बेटावर वर सपाट कातळ आहे, तिथपर्यंत त्याला झोळीत कसं न्यायचं, दोन बेटांमधून कोणत्या वेळी जायचं म्हणजे ओढ लागणार नाही. सगळं काढून ठेवलं होतं. तो काहीही विसरला नव्हता. चोवीस वर्षं शिकवलेलं त्याला येत होतं.

"मंग पुनव कायले धरली त्यानं?"

"ते सगळ्यात जवळची होती म्हणून. त्याच्याआधी तुमची रजा बसत नव्हती अन् त्याच्यानंतर अधिवेशन. म्हणे, हातात डिसेंबर लागेपर्यंत जोर हाय, पुढचं माहीत नाही. अन् म्हणे, ताईले वाळूचं समजलं त ते अष्टमी धरन. अष्टमीले अधिवेशन येईन, मंग नाताळ येईन, मंग ते जानेवारीत टाकन." त्याने बोटं उघडून दाखवली. "बोटावर मोजून दाखवलं होतं त्यानं मले. तसंच झालं."

"मंग त्या दिवशी सगळ्यायसमोर बोलला काहून नाही? एक शब्द बोलला असता त."

"मी बी तेच इचारलं. त्याले घरात झोपवून निघतानी. म्हणे, कातळावर तू झोपशीन, मी झोपन, पण ताईले अन् भाऊजीले कायले झोपवू? तो समुद्रवाला नको म्हणते, अन् मी कोणत्या तोंडानं चाला म्हणू? ताईनं बरोबर केलं म्हणे." त्याने चिंधी खाली ठेवली. "तिले हे कधीच सांगू नको, अशी कसम घातली होती. आज तोडली म्या. आपा, आता तुम्ही त्याले नका सांगू."

मी त्या आठ पिशव्या मोजून पुन्हा फळीवर ठेवल्या. तंबू घेतले आणि घरी आले. नवऱ्याने विचारलं, सगळं मिळालं का. मी म्हटलं, मिळालं.

मी चुकले का, हा प्रश्न मी स्वतःला नीट विचारून पाहिला आहे. अधिवेशनात रजा मिळत नव्हती, हे खरं. नाताळात होड्या नव्हत्या, हेही खरं. अननुभवी माणसांनी उधाणात जाऊ नये, हे तर कोणीही सांगेल. प्रत्येक ओळ तपासली की बरोबर निघते. माझ्या रजेचा विचार सोडला असता, चौघे अधिवेशनाच्या आठवड्यातल्या अष्टमीला गेले असते, तर वाळूही होती आणि हातही होते. वही भावजयीने धरली असती. तू नसली तर कोण, असं तो म्हणाला आणि मला ते आवडलं. तिथे मी थांबले. आणि एक गोष्ट मी विचारलीच नाही: तुझ्याकडे किती दिवस आहेत. सगळ्यांना सगळं विचारलं. माणशी किती पाणी लागेल तेही विचारलं.

आता मार्च संपत आला आहे. कचेरीतून सुटले की मी रोज त्याच्याकडे जाते. संध्याकाळचं भरवायचं काम माझ्याकडे आहे. भात मऊ करून, वरण गाळून, छोट्या चमच्याने, प्रत्येक घासानंतर हनुवटी खाली घ्यायला लावायची. जेवायला पाऊण तास लागतो. त्याचं बोलणं जड झालं आहे. बाहेरच्या माणसाला अर्धंच कळतं, आम्हा दोघींना आणि दोस्ताला सगळं कळतं. परवा भात थोडा सांडला तर म्हणाला, "उधाण आलं." मी नॅपकिनने पुसत राहिले. तो मला हसवायला बोलला होता आणि माझ्याकडून हसणं झालं नाही. त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्याला काही कळलं असेल का, ते मला सांगता येत नाही.

मला त्याला सांगायचं आहे, की मला माहीत आहे. दोस्ताची कसम मध्ये आहे, पण त्याच्यापाशी मी ती सोडवून घेईन. भावाने एवढी मोठी गोष्ट माझ्यासाठी एका शब्दात गिळली, आणि ती मला ठाऊक नाही असं समजतच तो राहावा, हे मला नको आहे. काय बोलायचं ते मी तीन वेळा लिहून काढलं आणि तिन्ही वेळा खोडलं. मी माफी मागावी म्हणून त्याने काही केलं नव्हतं. त्याचे उपकार मानावेत तर तेही त्याला आवडणार नाही.

वेळही बघून ठेवली आहे. जेवण आणि औषध यांच्या मध्ये अर्धा तास असतो, तेव्हा भावजय भाजी आणायला बाहेर जाते आणि घरात आम्ही दोघेच असतो. सोमवारी सांगणार होते, पण त्याला खोकला लागला. मंगळवारी शाळेतले मास्तर भेटायला आले. काल तो दमलेला होता, जेवता जेवताच डोळा लागला. सगळी कारणं खरी आहेत. नोव्हेंबरातलीही खरीच होती.

डॉक्टरांनी या वेळी न विचारता सांगितलं, की बोलणं उन्हाळाभर टिकेल असं धरून चालू नका. मी सांगितल्यावर तो काय म्हणेल, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे.

आज गुरुवार आहे. भावजय साडेसातला निघते. अजून सांगितलेलं नाही.